करंजेलातलं पाणी

आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. पाहुण्यांना वाटायचं, आत भांडण जुंपलंय. पण भांडण वगैरे काही नसायचं, घाणा चालू असायचा. उजाडल्यापासून दुपारपर्यंत त्या लाकडी उखळात लाट, म्हणजे बैलानं ओढायचा जाड दांडा, फिरायची आणि तिची करकर पडवीतून माजघरात, माजघरातून चुलीपर्यंत भरून राहायची. "भाकरी घे" एवढं सांगायलासुद्धा आईला ओरडावं लागे. त्या सवयीनं माझा गळा असा तयार झाला, की पुढं मी मास्तरीण झाल्यावर पलीकडच्या वर्गातली पोरंसुद्धा माझ्याच आवाजावर पाढे म्हणायची. आजही सून म्हणते, "आई, तुम्ही फोनवर बोलताय, पौडला हाक मारत नाही आहात." सोमवारी मात्र घाणा बंद. सोमवार महादेवाचा, त्या दिवशी आमच्यात कुणी बैल जुंपत नसे. मग घर इतकं गप्प व्हायचं, की आमचेच मोठाले आवाज ऐकून आम्हाला लाजल्यासारखं होई.

गाव मुळशी पेट्यातलं, पौडच्या पुढचं, ओढ्याच्या दोन्ही काठांना करंजच करंज असलेलं. माझा बा नामा तेली. खायचं तेल आम्ही थोडंच काढायचो, खुरासणीचं. बाकी सारा घाणा करंजाचा. उन्हाळ्यात कातकरणी पाट्या भरभरून करंजाच्या बिया आणायच्या, पडवीत ओतायच्या आणि बदल्यात मीठ नाहीतर पसाभर तांदूळ घेऊन, माझ्या आईशी तासभर गप्पा मारून जायच्या. करंजेल म्हणजे कडू जहर. बोट चाटलं तर दिवसभर थुंकत बसावं. पण बैलाच्या खरजेला तेच, धनगरांच्या मेंढ्यांच्या जखमेला तेच, गाडीच्या आसाला तेच आणि दिव्यालाही तेच. पेंड भातखाचरात जायची. आमच्या केसांना, गोधड्यांना, पाण्याच्या हंड्यालासुद्धा तो उग्र वास होता. शाळेत आम्ही तिघीच मुली, आणि बाकीच्या दोघी माझ्यापासून हातभर लांब बसायच्या. त्या दोघी डोकं खाजवून खाजवून बेजार असत. मला मात्र उवा कधी झाल्या नाहीत, हे मी त्यांना मुद्दाम ऐकवत असे.

घाण्यावर माझं काम पाण्याचं. कोरड्या बियांचा नुसता भुगा होतो, तेल काही सुटत नाही. बैलाचे अमुक इतके फेरे झाले की उखळात ओंजळीनं पाणी शिंपडायचं. मग भुगा भिजून एकमेकाला धरतो, पेंड कडेला चिकटते आणि मधे तेल उभं राहतं. माझ्या ओंजळीला सहा वर्षांची असल्यापासून हा मान होता. बा म्हणायचा, "पानी बगून तेल बाहीर येतंय." आणि मग ते पाणी जातं कुठं, असं मी विचारलं की तो म्हणे, "पेंडीत." त्याच्या बापानं त्याला तेच सांगितलं होतं. मला ते उत्तर पुरत असे. पहिलं तेल मी पळीनं काढून महादेवाच्या देवळात न्यायची, गुरवाच्या हातानं नंदादीपात घालायची, आणि देवानं घेतल्यावर मगच ते घरात वापरलं जायचं.

पण गावात रॉकेल आलं होतं. डबे, चिमण्या, कंदील. पहिल्यांदा चावडीवर, मग वाण्याकडं, मग हळूहळू सगळ्यांकडं. करंजेलाच्या दिव्याला काजळी फार, उजेड कमी. रॉकेलच्या कंदिलाखाली बायका सुईत दोरा ओवू लागल्या म्हटल्यावर आमचा दिवा कोण लावणार? वर्षा-दोन वर्षांत करंजेल फक्त देवाला आणि जनावरांना उरलं. बियांच्या कणग्या भरलेल्या, आणि हौश्या, आमचा बैल, आठवड्यातून चार दिवस नुसता उभा. मुंबईला गिरणीत असलेल्या माझ्या थोरल्या चुलत्यानं सांगावा धाडला, की शिमग्याला मी येतो, बिऱ्हाड उचला, खात्यात चिकटवून देतो. बानं होकार दिला. शिमग्यानंतर हौश्या विकायचा, घाण्याचं उखळ उपटून काढायचं आणि आम्ही सगळ्यांनी जायचं, असं ठरलं. उखळ आमच्या पणज्यानं पुरलेलं. त्या दिवसापासून आई भाकरी थापायची नाही, आपटायची. मी विचारलं तर म्हणाली, "तितं आपल्याला कोन वळखतंय गं? हितं पाच गावं आपल्या तेलानं चालत्यात, तितं चाळीत चौदावी खोली." मला खोलीचं काही नव्हतं. मला भीती होती ती उखळ उपटल्यावर तिथं राहणाऱ्या खड्ड्याची. तो खड्डा मला जागेपणी दिसायचा.

त्याच हिवाळ्यात गावात इंजिन आलं. तिकडं धरणाचं काम चाललं होतं, तिथलं एक जुनं इंजिन बाळाशेठ म्हणून आमच्या गावात एक हिकमती गृहस्थ होते, त्यांनी घेतलं आणि महादेवाच्या देवळाच्या पलीकडं पत्र्याची छपरी घालून भात सडायची गिरणी काढली. चार जोड्या बैल लावून ते धूड चढावरून वर आणलं तेव्हा सारं गाव दुतर्फा उभं होतं. त्याच्याबरोबर पुण्याचे इस्माईल मिस्त्री आले. किडकिडीत, पांढरी दाढी, आणि इंजिनाशी ते असे बोलत जसं आपण गाईशी बोलतो. इंजिनाचं डोकं म्हणजे एक लोखंडी गोळा. तो दिव्याच्या जाळानं लाल होईपर्यंत तापवायचा, मग माणसाएवढं चाक दोन्ही हातांनी मागं-पुढं हेलकावून एकदम सोडायचं. क्षणभर काहीच नाही. मग आतून कुणी तरी धक्का मारल्यासारखा एक ठोका. मग दुसरा. मग जमीनच ठोके देऊ लागली. पहिल्या दिवशी मी देवळाच्या पायरीवर बसले होते, तो ठोका पायरीतून माझ्या हाडात शिरला आणि मी रडले. भीतीनं नाही. इतकं मोठं काही तरी जगात आहे आणि ते आपल्या गावात आलंय, हे मला सोसेना. पट्टा फिरला, एका तोंडातून भात गेलं आणि दुसऱ्या तोंडातून आंबेमोहर बाहेर आला, असा घमघमाट सुटला की कुठं तरी भात शिजतोय असं वाटावं. माझी आई आठव्या वर्षापासून मुसळ उचलत होती. तिनं ते तांदूळ ओंजळीत घेतले, आणि किती तरी वेळ नुसती बघत राहिली. मग आपल्याच तळहाताचे घट्टे बघितले.

बा तेवढा गेला नाही. इंजिन काळ्या तेलावर चालायचं, आता ज्याला डिझेल म्हणतात त्याचंच भाऊबंद. बाच्या मते ते रॉकेलच्या भावकीतलं. "माज्या दिव्याला ज्यानं खाल्लं त्याच्या दारात मी उबा ऱ्हायचो न्हाई," असं त्यानं सांगून टाकलं आणि तो तिकडची वाटसुद्धा टाळू लागला.

महिनाभर गिरणी जोरात चालली आणि एके दिवशी थांबली. काळं तेल पुण्याहून बैलगाडीनं यायचं, आणि गाडीवाले झाडून सगळे धरणावर दगड वाहायला गेले होते. शेठनी माणसं धाडली, विनवण्या केल्या, गाडी मिळेना. छपरीत पाच गावांच्या भाताची पोती छपराला टेकली. संक्रांतीपर्यंत वाट बघतो, नाहीतर इंजिन मोडून पुण्याला परत पाठवतो, असं शेठ म्हणाले. बायकांनी मुसळं पुन्हा काढली. त्या आठवड्यात गावात कुणाच्या तोंडावर हसू नव्हतं.

एका सकाळी इस्माईल मिस्त्री आमच्या पडवीत आले. त्यांनी कणग्या पाहिल्या, करंजेलाचा वास घेतला, काडीला चिंधी गुंडाळून ती तेलात बुडवून पेटवली आणि खाली बसून तिच्याकडं बघत राहिले. मग बाला आदरानं म्हणाले, "नाना, हे माझं जनावर नाजूक नाही. डोकं तापलेलं असलं, की पेटेल ते पितं. शेंगतेल चालेल, पण माणसाच्या तोंडचं जाळायचं माझ्या जिवावर येतं. हे तर कुणीच खात नाही."

"न्हाई," बा म्हणाला. "त्या रॉकेलवाल्याला माजं त्याल मिळायचं न्हाई."

आई चुलीपाशी होती. घाण्याच्या वर आवाज काढून ती ओरडली, "देवाच्या दिव्याला चालतंय ते त्या लोखंडाला द्याया काय हुतंय? आन् त्यानं घेतलं, तर रोज लागंल. रोज लागलं, तर हौश्या ऱ्हाईल. हौश्या ऱ्हायला, तर आपुन ऱ्हाऊ! का मुंबैच्या खोलीत बसून इचार करनार हाय तुमी?"

बा पुढं चालत राहिला, बैलामागं, दोन फेरे, तीन फेरे. मग मान वर न करता मिस्त्रींना म्हणाला, "सोमवारी घाना बंद असतोय. सोमवारी आनून दीन." त्या आठवड्यात आम्ही कधी काढलं नव्हतं इतकं तेल काढलं. बिया जुन्या, हिवाळ्यानं आणखी सुकलेल्या, बा सारखा म्हणे, "गोदे, जरा सढळ हातानं घाल." मी घालत होते.

सोमवारी बा स्वतः डबा खांद्यावर घेऊन गिरणीवर आला. धुवट धोतर, डोक्याला मुंडासं, लग्नाला निघाल्यासारखा. सगळं गाव जमलं होतं. मिस्त्रींनी उरल्यासुरल्या काळ्या तेलावर इंजिन चालू केलं, मग तोटी फिरवून करंजेल सोडलं. इंजिन चालत राहिलं. माणसं ओरडली, कुणी तरी बाच्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यात ठोका चुकला. मग पुन्हा चुकला. धुराड्यातून पांढरी वाफ आली, चाक मंद मंद होत गेलं आणि शेवटी ते सगळं धूड एकदा हादरून गप्प झालं. त्या शांततेत मिस्त्री अगदी साधेपणानं बोलले, पण प्रत्येकानं ऐकलं.

"नाना, तेलात पाणी आहे."

दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यानं डोकं खाजवलं असतं. तेल्याला हे सांगणं म्हणजे सोनाराला त्याच्या सोन्यात तांबं आहे म्हणून सांगणं. बाचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मागून कुणी तरी खुदकन हसलं आणि बाळाशेठ म्हणाले, "एवढी पोती अडकल्यात नामा, निदान आज तरी..." बानं त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

"माज्या आज्यापासनं ह्या गावात एका थेंबाची खोट न्हाई. आत्ता, हितं, म्हादेवाचा बेल उचलतो. पानी घातलं आसंल तर माजा घाना बुडू दे, माजा वंस बुडू दे." आणि तो देवळाकडं निघाला. गाव त्याच्या मागं.

मी त्याच्या मागं पळत होते. बा खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी पाणी पेंडीत जात होतं. पण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी मी इतके दिवस कुणाला सांगण्यासारखी मानलीच नव्हती. देवळातल्या नंदादीपात तेल मी घालून घ्यायची, आणि ज्या दिवशी माझ्या हातून घाण्यात पाणी जास्त पडायचं, त्या दिवशी तो दिवा तडतडायचा. मला ते आवडायचं. देव माझ्याशी बोलतोय असं मी समजायची.

बानं पिंडीवरचा बेल उचलायला हात पुढं केला. बेल खोटा उचलला तर काय होतं, ते आम्हाला पाळण्यात असल्यापासून माहीत. मी घाण्यावर कमावलेल्या गळ्यानं ओरडले, "बा, बेल उचलू नगंस! पानी मी घातलंया!"

गाभारा एवढासा, त्यात तो आवाज घुमला. बाहेर एकदम गलका उठला. "ऐका, पोरगीच सांगती!" "आता काय ऱ्हायलं?" आई गर्दीतून मला ओढायला धावली. बानं माझ्याकडं बघितलं, आणि ते बघणं मी अजून विसरलेले नाही. मी त्याला भर गावात उघडं पाडलं होतं. तेव्हा इस्माईल मिस्त्री उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "कुठं घातलंस, बेटी? डब्यात?"

"न्हाई. घान्यात. रोज घालती. बानंच शिकवलंय. त्याबिगर त्याल सुटतच न्हाई. बा म्हंतो ते पेंडीत जातंय. पन समदं जात न्हाई. दिवा सांगतोय."

"दिवा काय सांगतो?"

मी नंदादीपाकडं बोट दाखवलं. सकाळीच मी त्यात आठवड्याचं नवं तेल घालून घेतलं होतं. गुरवानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. आणि मग त्या गाभाऱ्यात, बाहेरच्या पायऱ्यांवर, पिंपळाच्या पारापर्यंत, कुणी श्वास घेईना. दिवा तडतडला. थांबला. पुन्हा दोनदा तडतडला. किती साधी गोष्ट! गाव जन्मभर तो आवाज ऐकत आलं होतं. पण त्या दिवशी शंभरेक माणसं एका वातीचं बोलणं ऐकत उभी होती, आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला. आज ऐंशीच्या घरात आलेय, मोठमोठ्या सभा पाहिल्या, पण तशी शांतता पुन्हा मिळाली नाही.

बाचा हात पिंडीवर तसाच होता. बेलाला न शिवता त्यानं तो मागं घेतला. मग देवाला नाही, मिस्त्रींना हात जोडले. "मिस्त्री, तुमी खरं बोललासा. पानी हाय. पर खोट न्हाई." मिस्त्री म्हणाले, "ते मी कधी म्हटलं, नाना? पाणी आहे एवढंच म्हटलं. आता ते काढायचं कसं ते तुम्हीच सांगा, तेल तुमचं." बा म्हणाला, "ते मला कळतंय."

घरी येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. काकवीची मोठी कढई कुणाकडून तरी आणली, अंगणात तीन दगडांवर ठेवली आणि करंजेल कढवायला घेतलं. सुरुवातीला असं तडतडलं, की आम्ही मागं सरलो. फेस वर आला, त्या वासानं शेजारचं कुत्रं घर सोडून गेलं. बा कान लावून बसला होता. तडतड कमी होत गेली, मग तुरळक, मग एखादीच, मग काही नाही. तरी तो बसूनच. शेवटी आपलंच धुवट धोतर चार पदरी करून त्यानं ते गाळलं आणि दोन दिवस उन्हात निवळत ठेवलं. वर राहिलेलं तेल इतकं नितळ होतं, की त्यात मला माझं नाक दिसलं. आईनं त्यात वात बुडवून लावली. वात एक चकार शब्द बोलली नाही.

गुरुवारी इंजिन चालू झालं. तोटी फिरली. सगळे ठोका चुकायची वाट बघत होते आणि ठोका चुकत नव्हता. शंभर झाले, दोनशे झाले, पोरं मोजायची थकली. धुराड्यातून धूर आला तो आमच्या घरच्या वासाचा. सबंध गावाला आमच्या गोधड्यांचा वास येत होता! ज्या दोघी शाळेत माझ्यापासून लांब बसायच्या, त्याही तिथं उभ्या राहून तो धूर हुंगत होत्या. पट्टा फिरला, तांदूळ पडू लागला. मला काय वाटलं ते कसं सांगू? ओढ्याकाठचं झाड, ज्याचं फळ जनावरसुद्धा तोंडात धरत नाही, कातकरणीची पाटी, हौश्याचे ते एकाच जागेवरचे फेरे, आणि त्यातून हे एवढं लोखंड थरथरत उभं राहतं, पाच गावांच्या बायकांच्या हातातलं मुसळ काढून घेतं. एक म्हातारी पुढं होऊन इंजिनाला हळद-कुंकू लावू लागली, चाकात पदर जाईल म्हणून मिस्त्री तिच्यावर केवढ्यांदा ओरडले. बा लांब उभा होता. मग हळूच पुढं आला आणि त्यानं छपरीच्या खांबाला हात लावला. ठोका त्याच्या हातात येत होता. त्याचे ओठ हलत होते, पण काय म्हणत होता ते त्या आवाजात कुणालाच ऐकू आलं नाही.

देवळातल्या त्या सोमवारपासून शिमग्यापर्यंत बा माझ्याशी कामापुरतंच बोले. "पानी घाल", "पळी दे", एवढंच. मी भर गावात त्याचा शब्द तोडला होता, आणि तेही देवासमोर. मला वाटायचं, इंजिन चालू झालं, गिरणी वाचली, पण माझा बा काही मला परत मिळाला नाही. आई म्हणायची, "दम धर." मी दम धरून होते, पण रोज रडत होते.

शिमग्याला थोरला चुलता मुंबईहून आला. अंगात कोट, पायात बूट. येतानाच हौश्याला गिऱ्हाईक बघून आला होता. अंगणातली कढई, पडवीतल्या रिकाम्या कणग्या, दाराशी पाट्या घेऊन बसलेल्या कातकरणी बघून तो गोंधळला. बा त्याला तसाच गिरणीकडं घेऊन निघाला, मला म्हणाला, "तूबी चल." चुलता रोज शेकडो यंत्रांत वावरणारा माणूस. पण छपरीच्या दारात तो थबकला, नाकानं वास घेतला, एकदा इंजिनाकडं आणि एकदा आपल्या धाकट्या भावाकडं बघितलं.

"नामा," तो ओरडून म्हणाला, "आरं, हे आपल्या घान्याच्या त्यालावर चाललंय?"

बानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. कढवलेल्या तेलानं पोळलेला, खरखरीत हात. इंजिनाच्या वर आवाज काढून, सगळ्या गिरणीला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "त्याल माजं हाय, आन्ना. त्यातलं पानी हिनं काडलं."